टपालपेटीतला बिनतारी सेन्सर : दहा महिने, दोन बॅटऱ्या आणि एक झाकण

टपालपेटीची झडप उचलली गेली की घरात सूचना देणारा बिनतारी सेन्सर मी दहा महिन्यांपूर्वी बसवला. त्यावर लिहायचे मनात नव्हते, कारण पहिले साडेतीन महिने त्याने तक्रारीला जागाच ठेवली नव्हती. मात्र नंतर एकदा सलग बारा दिवस घरातला रिसीव्हर गप्प राहिला, टपाल आलेच नसेल अशी आम्ही समजूत करून घेतली, आणि तेराव्या दिवशी सहज पेटी उघडली तेव्हा आत सात पाकिटे होती. त्यांतल्या एका पत्राला उत्तर देण्याची मुदत दोन दिवसांपूर्वीच टळून गेली होती. पेटीकडे रोज जाण्याचे कष्ट वाचावेत म्हणून घेतलेल्या वस्तूने पेटीकडे जाण्याची सवय तेवढी मोडली होती.

बॅटरी संपली होती. सीआर२०३२ जातीची, तीन व्होल्टची ही गोल बॅटरी दोन वर्षे टिकेल असे खोक्यावर छापलेले आहे. ती चार महिन्यांतच संपावी हा एक प्रश्न, आणि संपण्याआधी रिसीव्हरवर दिसायला हवी होती ती कमी बॅटरीची खूण एकदाही का दिसली नाही हा दुसरा. कंपनीच्या ग्राहक सेवेकडे मी दोन्ही प्रश्न लेखी मांडले. तीन आठवड्यांच्या पत्रव्यवहारानंतर त्यांनी मला उलट विचारले, ‘आपली पेटी धातूची आहे का?’ मी होय म्हणताच, धातूच्या पेटीत बसवलेल्या सेन्सरला वॉरंटी लागू होत नाही, असे कळवण्यात आले. ज्या खोक्यात हा सेन्सर आला त्यावर चक्क पत्र्याच्या टपालपेटीचे छायाचित्र आहे, हे मी निदर्शनास आणून दिले. त्यावर ‘चित्र केवळ प्रातिनिधिक आहे’ असे उत्तर आले. तिथे मी तो नाद सोडला.

धातूची अडचण मात्र खोटी नाही. चहूबाजूंनी धातूने वेढलेली जागा बाहेरच्या विद्युत परिणामांपासून तुटते, हे मायकेल फॅरेडे यांनी १८३६ साली धातूच्या पातळ पत्र्याने मढवलेली खोली उभारून दाखवले होते. बंद टपालपेटी ही तशीच एक छोटी खोली. माझा सेन्सर ४३३ मेगाहर्ट्‌झच्या रेडिओ तरंगांवर चालतो, म्हणजे त्यांची तरंगलांबी (एका तरंगाची लांबी) सुमारे ६९ सेंटीमीटर भरते. झडपेभोवतीची फट जेमतेम २५ सेंटीमीटर लांब, अर्ध्या तरंगलांबीहूनही आखूड, त्यामुळे झडप मिटल्यावर त्या फटीतून फारसे काही बाहेर पडत नाही. मग साडेतीन महिने सूचना येत कशा होत्या? याचे उत्तर मला पेटीपाशी उभे राहून झडप पंचवीसेक वेळा उघडमीट केल्यावर मिळाले. ‘उघडली’ हा संदेश झडप उघडी असतानाच निघतो, म्हणून तो निसटून घरापर्यंत पोहोचतो. ‘मिटली’ हा संदेश मिटलेल्या पेटीतून निघतो आणि आतच विरतो. बॅटरीची स्थिती कळवणारा, दर काही तासांनी आपोआप जाणारा संदेश तर कायम बंद पेटीतूनच निघणार. हा सेन्सर एकमार्गी आहे, आपले म्हणणे कोणी ऐकले की नाही हे त्याला कळत नाही. त्यामुळे कमी बॅटरीची खूण त्याने इमानदारीने पाठवली असणार. ती ऐकायला पेटीच्या भिंतींखेरीज कोणी नव्हते.

वॉरंटी गेलेलीच होती, तेव्हा सेन्सर उघडायला काही हरकत उरली नव्हती. आतली स्प्रिंगसारखी अँटेना काढून तिच्या जागी मी प्लास्टिकचे आवरण असलेली सव्वासतरा सेंटीमीटर लांबीची तांब्याची तार सोल्डर केली. पाव तरंगलांबीचा हा हिशेब ४३३ मेगाहर्ट्‌झसाठी ठरलेला आहे. पेटीला नवे भोक पाडायचे नव्हते, कारण भोकाच्या कडेपासून गंज सुरू होतो आणि नवी पेटी घेण्याची माझी तयारी नाही. पावसाचे पाणी निघून जावे म्हणून तळाशी जे भोक असते त्यातूनच तार खाली सोडली आणि पत्र्याच्या कडेने तिचे आवरण कापू नये म्हणून भोकात सायकलच्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीचा तुकडा बसवला. संध्याकाळपर्यंत ‘मिटली’ हा संदेशही येऊ लागला. या मजकुराचा पहिला मसुदा मी त्याच रात्री लिहिला होता आणि त्यात सगळा दोष धातूवर टाकून सेन्सरला निर्दोष सोडले होते.

तो मसुदा पहाटेपर्यंतही टिकला नाही. रात्री वारा सुटला आणि रिसीव्हर वाजू लागला. तीन वाजेपर्यंत एकोणीस सूचना आल्या. ‘एवढी पत्रे रात्री कोण टाकतंय?’ असे आईने अंथरुणातूनच विचारले. म्हणजे झडप वाऱ्याने थरथरत होती, दर थरथरीला सेन्सर एक संदेश पाठवत होता, आणि हे बहुधा पहिल्या दिवसापासून चालले होते. फरक इतकाच की पूर्वी ते संदेश पेटीतच मरत होते. झोपेत काही मायक्रोअँपिअरवर भागवणारे यंत्र संदेश पाठवताना त्याच्या हजारो पट प्रवाह ओढते, शिवाय एकमार्गी असल्याने प्रत्येक संदेश खात्रीसाठी अनेकदा उच्चारते. दोन वर्षांची बॅटरी चार महिन्यांत कुठे गेली हे त्या रात्री कळले.

दोष होता सेन्सरसमोर झडपेवर लावायच्या चुंबकाच्या जागेत. या सेन्सरच्या आत रीड स्विच असतो, म्हणजे काचेच्या बारीक नळीत बंद केलेल्या दोन लोखंडी पात्या. चुंबक जवळ असला की त्या एकमेकींना टेकतात, लांब गेला की सुटतात. माझी पेटी पोलादी पत्र्याची. चुंबक झडपेवर आपसूक चिकटला याचा मला बसवताना आनंदच झाला होता, कारण टेपचा एक तुकडा वाचला होता. पण पोलादाला टेकलेल्या चुंबकाचे बरेचसे क्षेत्र पोलादच आपल्याकडे ओढून घेते आणि रीड स्विचपर्यंत पोहोचणारे बळ इतके कमी होते की पात्या जेमतेम टेकून राहतात; झडप दोन मिलिमीटर हलली तरी सुटतात. खोडरबराची सहा मिलिमीटर जाडीची चकती कापून ती झडप आणि चुंबक यांच्यामध्ये चिकटवल्यावर रात्रीच्या सूचना थांबल्या, त्या आजतागायत आलेल्या नाहीत. पेटी ॲल्युमिनियमची असेल तर चुंबकाचा हा त्रास होत नाही. तरंगांचा मात्र तितकाच होतो.

इथवर वाचून हा सेन्सर वाईट नाही असे कोणाला वाटेल, आणि ते बरोबर आहे. दोन्ही अडचणी पेटीच्या होत्या, उपाय जुन्या सामानातून निघाले, आणि माहितीपत्रकात दोन ओळी छापल्या असत्या तर माझी मुदत चुकली नसती. मला जे क्षम्य वाटत नाही ते वेगळेच आहे. बॅटरीचे झाकण या यंत्राच्या पाठीवर आहे, आणि पाठीवरच दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावायची आहे.

म्हणजे बॅटरी बदलायची तर यंत्र पेटीपासून उपटावे लागते. ते हाताने निघत नाही. शिवणाचा जाड दोरा टेपच्या मागे घालून करवतीसारखा ओढत राहावे, अर्ध्यात दोरा तुटला की दुसरा घ्यावा, मग पत्र्यावर राहिलेला चिकट थर रॉकेलच्या बोळ्याने पुसावा. झाकणावरची टेप फाटलेली असते ती वेगळी, आणि ती खरवडताना झाकणाची एक बारीक खीळ माझ्याकडून मोडलीच. हे रेखाटन ज्याने केले त्याने या यंत्राची बॅटरी स्वतः कधी बदललेली नसावी. त्यातून गंमत अशी की जी टेप काढताना इतकी छळते ती उन्हात मात्र टिकत नाही. पत्रा तापला की गोंद मऊ होतो, आणि सातव्या महिन्यात सेन्सर एक सेंटीमीटर खाली घसरून चुंबकाच्या समोरून हटला होता. चुंबकाने पेटीला चिकटवावा म्हटले तर तेही जमत नाही, कारण रीड स्विचला आपला चुंबक आणि परका चुंबक यांत फरक कळत नाही.

शेवटी कपडे धुण्याच्या द्रावणाच्या रिकाम्या बाटलीतून एक खिसा कापला आणि पेटी भिंतीला ज्या स्क्रूने बसवली आहे त्याच स्क्रूखाली तो आतून दाबून टाकला. सेन्सर आता त्यात टेपविना उभा असतो आणि दोन बोटांनी वर ओढला की निघतो. दुसऱ्या बॅटरीला सहा महिने झाले. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी सेन्सर काढतो, झाकण उघडतो आणि व्होल्ट मोजायला मल्टिमीटर लावतो. लिथियमची ही बॅटरी जवळजवळ अखेरपर्यंत तीन व्होल्टच दाखवते आणि मग एकाएकी ढासळते, त्यामुळे या मोजण्यातून फारसे काही कळत नाही हे मला ठाऊक आहे. पण झाकण उघडता येते, म्हणून उघडतो.