बोनव्हिलच्या गाडीचा फ्लोअर: सीआरसी, अॅल्युमिनियम की स्टेनलेस?

युटाहमधल्या बोनव्हिल सॉल्ट फ्लॅट्सवर, म्हणजे वेगाचे विक्रम केले जातात त्या मिठाच्या सपाट मैदानावर, पळणाऱ्या गाडीला ड्रायव्हरच्या पायाखाली 1.5 मिमी जाडीचा सीआरसी (थंड लाटलेला पोलादी) पत्राच घालावा, असं आमचं ठाम मत आहे. हलका म्हणून अॅल्युमिनियम घेणारे बरेच आहेत, पण ते गणित ड्रॅग रेसचं, म्हणजे थोड्या अंतराच्या सरळ शर्यतीचं. मिठावर टायरची पकड कमी, म्हणून वजन वाढवायला इथे गाडीत मुद्दाम शिसं भरतात. 1.5 मिमी पोलादाचं वजन चौरस मीटरला 12 किलोच्या आत येतं. ते वाचवायचं आणि वर शिसं ठेवायचं, यात हशील काय?

खरा प्रश्न आगीचा. ताशी 250 मैलांवरून गाडी थांबायला मैल-दोन मैल जातात आणि तेवढा वेळ ड्रायव्हर आगीच्या वर बसलेला असतो. अॅल्युमिनियम 660 अंश सेल्सिअसला वितळतं, पण 200-300 अंशांतच त्याची ताकद ढासळू लागते. पोलाद लाल होतं, वाकतं, तरी जागा सोडत नाही. इंधन मिथेनॉल असेल तर त्याची ज्वाळा उन्हात दिसतही नाही, त्यामुळे आत शिरलेली आग कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

304 स्टेनलेसमधून उष्णता हळू जाते, हा त्याचा मोठा गुण. पण वेल्ड करताना हा पत्रा तापून फार ओढला जातो आणि वाकडा होतो. वेल्डची लांब शिवण एका दमात मारू नका, आलटून-पालटून टॅक (छोटे ठिपके) द्या. शिवाय फटीत मीठ साचलं की त्यालाही खड्डे पडतात. गॅल्वनाइज्ड पत्रा नकोच: तापल्यावर जस्ताचा धूर थेट केबिनमध्ये.

पत्रा चांगला असूनही काम फसतं ते जोडणीत. पोलादी पत्र्याला अॅल्युमिनियमचे पॉप रिव्हेट मारले, तर आगीत आधी रिव्हेट जातात आणि पत्रा लोंबकळतो. पोलादी रिव्हेट किंवा एम6 बोल्ट वापरा, अंतर 75 ते 100 मिमी, कडेला निदान 25 मिमी ओव्हरलॅप. पाइप आणि वायर जिथून जातात तिथे रबरी ग्रोमेट (भोकातली कडी) जळून भोक उघडं पडतं. तिथे धातूचं बल्कहेड फिटिंग (पत्र्यातून आरपार जाणारा घट्ट जोड) आणि आगरोधक सीलंट लावा. अॅल्युमिनियम टेपने फट झाकू नका, तिचा गोंद सुटतो.

तपासणी सोपी आहे. अंधारात गाडीखाली दिवा धरा आणि आत बसून पाहा. जिथून उजेड येईल तिथून ज्वाळाही येईल.

सीटबेल्टचे बोल्ट पत्र्यात नाही, चौकटीत बसले पाहिजेत. फुटलेल्या क्लचचे तुकडेही हा पत्रा अडवत नाही; त्यासाठी एसएफआय 6.1 या सुरक्षा मानकाचं बेलहाउसिंग (क्लचभोवतीचं कवच) लागतं, आणि तुटलेला ड्राइव्हशाफ्ट धरून ठेवायला लूप वेगळा लागतो. बेली पॅन (गाडीच्या पोटाखालचं झाकण) असेल तर सर्वांत खोल जागी निचऱ्याचं भोक ठेवा, नाहीतर गळलेलं इंधन ड्रायव्हरच्या खालीच साचतं. पत्रा कापण्याआधी त्याची जाडी एससीटीएच्या (इथल्या शर्यती घेणाऱ्या संघटनेच्या) त्या वर्षीच्या नियमपुस्तकाशी ताडून घ्या, आणि मिठावरून परतल्यावर फ्लोअर खालून गोड्या पाण्याने धुवा.