किडनीचा आजार आणि मूल: आत्ताच चान्स घ्यायचा की ट्रान्सप्लांट झाल्यावर?

सीकेडी (किडनीचा जुनाट आजार) असलेल्या बाईला क्रिएटिनीन (किडनी कमी पडली की रक्तात वाढतं ते) म्हणजे काय आणि लघवीतून प्रोटीन जाणं म्हणजे काय हे सांगायची गरज नाही, स्वतःची फाईल तोंडपाठ असते आपल्याला. अडतं ते पुढे. आहे त्या किडनीवर आत्ताच चान्स घ्यायचा, की ट्रान्सप्लांट होऊ दे मग बघू म्हणायचं? मला आयजीए नेफ्रोपॅथी (किडनीच्या चाळणीला सूज आणणारा आजार) आहे, ठरवलं तेव्हा क्रिएटिनीन १.३ च्या आसपास, प्रोटीन अर्ध्या ग्रॅमच्या आत आणि बीपी एका गोळीवर आटोक्यात. मी आत्ताच घेतला चान्स, म्हणजे माझं माप थोडं इकडे झुकणार, ते धरूनच वाचा.

आत्ताच्या रस्त्यावर पहिली कटकट गोळ्यांची. टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल वगैरे बीपीच्या गोळ्या बाळाला चालत नाहीत, त्यामुळे माझी टेल्मा बंद होऊन लॅबेटालॉल आणि निफेडिपिन आलं. मग होतं काय की प्रोटीन रोखणारी गोळी गेलेली आणि प्रेग्नन्सीत किडनीतून रक्त जास्त फिरतं, त्यामुळे प्रोटीन वाढतंच, आणि ते वाढलं की ही किडनी आहे की प्रीक्लॅम्प्सियाची (गरोदरपणात बीपी चढून आई-बाळाला धोका होतो त्याची) सुरुवात हे लगेच कुणालाच सांगता येत नाही. प्रीक्लॅम्प्सियासाठी बाराव्या आठवड्यापासून रात्री ॲस्पिरिन होतीच. सासूबाई रोजचं बीपी कालनिर्णयच्या चौकोनात लिहायच्या, एकादशीच्या खाली १२८/८२ वगैरे, आणि गायनॅक मॅडमनी तेच कॅलेंडर घेऊन यायला सांगितलं कारण मशीनच्या मेमरीपेक्षा ते पटकन वाचता यायचं.

निरोगी बाईचं क्रिएटिनीन गरोदरपणात खाली येतं, ०.५-०.६ पर्यंत. आपलं किती खाली येतंय यावर नेफ्रोंचं (किडनीच्या डॉक्टरांचं) बारीक लक्ष असतं, अजिबात उतरलं नाही तर किडनीत फारशी शिल्लक नाही असा अंदाज बांधतात. माझं १.१ वर आलं. ईजीएफआरचा (किडनी किती गाळते त्याचा क्रिएटिनीनवरून काढलेला अंदाज) आकडा या काळात बघूच नका, तो फॉर्म्युला गरोदरपणात चालत नाही, लॅबवाले छापतात तरी. मुलगी ३६ व्या आठवड्यात झाली, सिझेरियन, वजन कमी पण रडणं एकदम खणखणीत. आता माझं क्रिएटिनीन १.५ आहे. हे प्रेग्नन्सीमुळे वाढलं की नाहीतरी वाढणारच होतं, देव जाणे.

आता दुसरी बाजू, आणि ती कमी लेखायची नाही. ओपीडीत ओळख झालेल्या सांगलीच्या एका ताईंना त्यांच्या आईने किडनी दिली, नंतर सगळं स्थिर होईपर्यंत थांबल्या, नवी किडनी शरीराने नाकारू नये म्हणून चालू असलेलं मायकोफेनोलेट बाळाला घातक म्हणून निदान सहा आठवडे आधी बदलून ॲझाथायोप्रिन घेतलं आणि मग दिवस राहिले. त्यांचं क्रिएटिनीन आजही माझ्यापेक्षा चांगलं आहे, खोटं कशाला बोलू. आणि हे काही नवीन नाही, बॉस्टनला १९५६ साली जुळ्या बहिणीची किडनी मिळालेल्या ईडिथ हेल्मला १९५८ मध्ये मुलगा झाला होता. ट्रान्सप्लांटनंतर राहिलेल्या प्रेग्नन्सींपैकी साधारण चारातल्या तीन नीट पार पडतात, मात्र बाळ लवकर होणं आणि बीपी चढणं तिथेही बरंच असतं. शिवाय त्याच कामाच्या टॅक्रोलिमस या औषधाची रक्तातली लेव्हल खाली येते म्हणून डोस सारखा बदलावा लागतो, शुगर वाढू शकते, युरीन इन्फेक्शन तर मागेच लागलेलं. पण किडनी दमदार असते, हा मोठा फायदा.

मग मी का थांबले नाही? मला एकच गोष्ट डोक्यात जायची. क्रिएटिनीन १.३ असताना ट्रान्सप्लांट कुणी करत नाही! म्हणजे ट्रान्सप्लांटनंतर बघू याचा सरळ अर्थ आधी माझी किडनी पूर्ण जाऊ दे. एकीकडे मी लोणचं सोडलंय, पापड सोडलाय, डोकं दुखलं तरी पेनकिलर घेत नाही, सगळं कशासाठी तर किडनी टिकावी, आणि घरात मुलाचा प्लॅन मात्र ती कधी संपते त्यावर ठरलेला. आणि कधी संपणार हे कुणी सांगेना. आयजीए कुणाची पाच वर्षांत संपवतो, कुणाची वीस वर्षं चालते. दर तीन महिन्यांनी "पुढचा रिपोर्ट बघू" ऐकायचं आणि घरी यायचं. बरं या थांबण्यात क्रिएटिनीन २ च्या वर गेलं की आत्ताचा पर्याय आपोआप हातचा जातो आणि ट्रान्सप्लांट तर अजून लांबच, ही मधली जागा मला सगळ्यात वाईट वाटली.

माझ्या बाजूविरुद्ध जाणारी एक गोष्ट मात्र फार कमी जणी विचारतात. गरोदरपणात आपल्या शरीरात बाळाच्या, म्हणजे पर्यायाने नवऱ्याच्या टिश्यूविरुद्ध ॲन्टिबॉडी तयार होऊ शकतात, आणि मग पुढे नवरा डोनर म्हणून जुळेलच असं नाही. आपल्याकडे डोनर बहुतेक घरातलेच, आई, नवरा, भाऊ, त्यामुळे हे हलक्यात घेऊ नका. माझी आई फिट आहे आणि ब्लडग्रुप जुळतो म्हणून मला ते झेपलं. डोनर म्हणून फक्त नवराच असेल तर मी कदाचित दोनदा विचार केला असता.

आणि माझं हे सगळं आजार लवकरच्या टप्प्यात असणाऱ्यांसाठी आहे. २००७ च्या एका इटालियन अभ्यासात जीएफआर ४० च्या खाली आणि प्रोटीन दिवसाला एक ग्रॅमच्या वर असं दोन्ही एकत्र असणाऱ्यांची किडनी नंतर जास्त वेगाने उतरलेली दिसली. तुमचे आकडे असे असतील, किंवा डायलिसिस जवळ आलंय आणि डोनर तयार आहे, तर सांगलीच्या ताईंचाच रस्ता बरा वाटतो मला. लुपस (प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते तो आजार) असेल तर तो निदान सहा महिने शांत असल्याशिवाय कुठलाच रस्ता नको.

थांबायचं ठरवलंत तरी गर्भनिरोधकाचं गायनॅकना आत्ताच विचारा, कारण बीपी असताना नेहमीच्या इस्ट्रोजेनच्या गोळ्या चालत नाहीत आणि टेल्मा किंवा मायकोफेनोलेट चालू असताना चुकून दिवस राहणं परवडणारं नाही. आत्ताच घ्यायचं ठरवलंत तर नेफ्रो, गायनॅक आणि नवजात बाळांचा आयसीयू एकाच इमारतीत असेल असं हॉस्पिटल शोधा, डॉक्टर कितीही ओळखीचे असले तरी. आमच्याकडे हे तीन तीन ठिकाणी होतं, म्हणून सातव्या महिन्यात मी बाडबिस्तरा घेऊन पुण्याला नणंदेकडे जाऊन राहिले.