जुन्या सिटी व्हीटेकला फोर-टू-वन हेडर: अकरा महिने आणि एका पावसाळ्यानंतर

बाबांनी ही होंडा सिटी २००२मध्ये घेतली तेव्हा मी आठवीत होतो. १.५ व्हीटेक, १०६ हॉर्सपॉवर, पाच गिअर. पुढच्याच वर्षाच्या अखेरीस नवी सिटी आली, तिच्यात ७७ हॉर्सपॉवरचं आय-डीएसआय इंजिन होतं, आणि आमच्या गाडीची किंमत घरातल्या सगळ्यांना तेव्हा कळली. कागदोपत्री ती सेडान आहे. पण तिसऱ्या गिअरमध्ये आरपीएमचा (इंजिनाचे मिनिटाला फेरे) काटा पाच हजारांपुढे गेल्यावर ती जे करते, ते ज्याने अनुभवलंय तो तिला स्पोर्ट्स कारच म्हणेल.

गेल्या ऑक्टोबरात पाऊस ओसरल्यावर तिला हेडर बसवला, म्हणजे इंजिनातला जळलेला वायू बाहेर नेणारा पाइपांचा संच, कंपनीच्या मॅनिफोल्डच्या जागी. आज अकरा महिने आणि साधारण ९,४०० किलोमीटर झाले. या काळात एक हेडर तडकला, दुसरा बनवून घेतला, एक उन्हाळा ट्रॅफिकमध्ये काढला आणि गणपतीला गुहागरला जाऊन आलो. त्यामुळे आता सांगण्यासारखं काही आहे.

हेडर कशासाठी, ते आधी. इंजिनाच्या चार सिलिंडरमधून जळलेला वायू एकाच वेळी बाहेर पडत नाही, १-३-४-२ या क्रमाने धक्क्याधक्क्याने पडतो. प्रत्येक धक्का पाइपमधून पुढे सरकताना मागे कमी दाबाची पोकळी सोडतो. पाइपांची लांबी आणि जोड नीट असतील तर ती पोकळी पुढच्या सिलिंडरला रिकामं व्हायला मदत करते. सिलिंडर जितका स्वच्छ रिकामा, तितकं हवा-पेट्रोलचं ताजं मिश्रण आत. फोर-टू-वन रचनेत १ आणि ४ एकत्र येतात, २ आणि ३ एकत्र येतात, मग त्या दोघांचा एक पाइप होतो. या जोड्यांमधले धक्के समान अंतराने येतात, म्हणून मधल्या आरपीएमला फायदा दिसतो. चारही पाइप थेट एकात मिळवणारा फोर-वन प्रकार अगदी वरच्या टोकाला चांगला. पण मुंबईत ते वरचं टोक गाठायला जागा कुठे आहे? माझं रोजचं आयुष्य माहीम ते बीकेसी आहे. मला अडीच ते पाच हजारांमधली ओढ हवी होती.

पहिला हेडर तयार मिळणारा घेतला. विक्रेत्याचं नाव सांगत नाही. चौदा हजार रुपये, चकाचक पॉलिश, ३०४ ग्रेडचं स्टेनलेस असल्याचं सांगितलेलं. बसवायचं काम आमचे मेकॅनिक अण्णा यांच्याकडे. बाबांच्या काळापासून गाडी त्यांच्याच हाताखाली आहे.

या इंजिनात एक्झॉस्टची बाजू पुढे, रेडिएटरकडे तोंड करून आहे. त्यामुळे हात घालायला जागा मिळते, हा मोठा दिलासा. पण तेवीस वर्षं रोज तापून थंड झालेले स्टड (इंजिनात रोवलेले बिनडोक्याचे बोल्ट) काही सहज सुटत नाहीत. अण्णांनी आदल्या संध्याकाळीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं होतं आणि सकाळी इंजिन कोमट असतानाच पाना लावला. तरी दोन स्टड नटासकट बाहेर आले आणि एक हेडच्या (इंजिनाच्या वरच्या भागाच्या) तोंडाशी मोडला. मी घाबरलो. अण्णांनी मोडलेल्या तुकड्यावर एक नट ठेवून आतून वेल्ड भरला, लाल झालेला नट थोडा निवू दिला आणि पान्याने हळूच फिरवला. तुकडा सुटून आला. "घाई केली असतीस ना, तर आज हेड उतरवायला लागलं असतं," एवढंच म्हणाले. नवे स्टड मी नागदेवी स्ट्रीटवरून आणले होते. तुम्ही करणार असाल तर पूर्ण संच आधीच आणून ठेवा, अर्ध्या कामात बाजार शोधायची वेळ येऊ देऊ नका. गॅस्केट नवं टाकलं. नट मधून बाहेरच्या दिशेने, टॉर्क पान्याने ३१ न्यूटन-मीटरला आवळले आणि शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासले. तीन नट तेव्हा थोडे सैल निघाले.

पहिल्या दिवशीचा आनंद सांगायला हवा. ईस्टर्न फ्रीवेवर रविवारी सकाळी साडेसहाला गेलो. ऑक्सिजन सेन्सर नव्या जागी, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर मूळचाच, सायलेन्सरही कंपनीचाच. आवाज मोठा झाला नव्हता, त्याचा पोत बदलला होता. आणिक-पांजरापोळ बोगद्यात काच खाली केली तेव्हा तीन हजारांच्या वर एक घट्ट, खर्जातला सूर यायला लागला आणि तो वर चढत गेला. बाबा शेजारी बसले होते. ते काही बोलले नाहीत, पण हात पुढे करून त्यांनी रेडिओ बंद केला.

मोजमापही केलं, कारण कानावर विसंबून राहू नये. तिसरा गिअर, ताशी ४० ते ८०, टायरमध्ये तीच हवा, दोन माणसं, पाच फेऱ्यांची सरासरी. आधी ७.४ सेकंद, नंतर ६.९. घड्याळ हातातलं होतं, तेव्हा थोडी चूक धराच. पण रोज जाणवतं ते या आकड्याशी जुळतं. पूर्वी ओव्हरटेकला दुसऱ्यात उतरावं लागायचं तिथे आता तिसरा पुरतो. दोन हजार आरपीएमच्या खाली काहीही फरक नाही, उलट सिग्नलवरून निघताना कधीकधी किंचित मऊ वाटते.

मग डिसेंबर आला. सकाळी थंड इंजिन सुरू केलं की पुढून टिक-टिक आवाज, आणि पाच-सात मिनिटांत तो गायब. मला वाटलं टॅपेट. टॅपिंग, म्हणजे व्हॉल्व्हची फट, सेट करून घेतलं, आवाज तसाच. दरम्यान शहरातलं मायलेज साडेदहावरून साडेआठवर आलं आणि निघताना कच्च्या पेट्रोलचा वास यायला लागला. अण्णांनी गाडी थंड असताना इंजिन सुरू करून एका पोराला सायलेन्सरच्या तोंडाशी कापडाचा बोळा धरायला लावला आणि हेडरवर साबणाचं पाणी शिंपडलं. तिसऱ्या पाइपच्या मुळाशी, इंजिनाला बोल्टने टेकणाऱ्या पट्टीच्या, म्हणजे फ्लॅन्जच्या, वेल्डवर बुडबुडे आले. केसाएवढी चीर. धातू तापला की फुगून ती बंद व्हायची, म्हणून आवाज जायचा.

मायलेजचं कारण समजून घेण्यासारखं आहे. धक्क्यांच्या मधल्या पोकळीत त्या चिरेतून बाहेरची हवा आत ओढली जाते. पुढे बसलेल्या सेन्सरला जास्त ऑक्सिजन दिसतो. त्याला वाटतं मिश्रण पातळ आहे, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, म्हणून संगणक पेट्रोल वाढवतो. म्हणजे केसाएवढ्या चिरेमुळे पूर्ण गाडी जास्त पेट्रोल पीत होती.

हेडर उतरवला तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. पाइपची जाडी जेमतेम १.२ मिलिमीटर, आणि वेल्डची आतली बाजू काळी, दाणेदार, जळलेल्या साखरेसारखी. स्टेनलेसचं वेल्डिंग करताना पाइपच्या आतही आरगॉन वायू सोडावा लागतो, नाहीतर मागच्या बाजूने धातू हवेत जळतो आणि तिथेच ठिसूळ होतो. बाहेरून पॉलिश केलेल्या जोडावर हे कधीच दिसत नाही. विक्रेत्याला फोटो पाठवले. गाडी जुनी आहे, हेडरची चूक नाही, असं उत्तर आलं आणि विषय संपला.

त्या उत्तराचा मला राग आला, अजूनही आहे. पण त्यातला अर्धा भाग खरा होता, आणि या सगळ्या अनुभवात माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट तीच आहे. अण्णांनी मला बोनेटपाशी उभं केलं, एका पोराला ब्रेक दाबून पहिल्या गिअरमध्ये क्लच किंचित सोडायला सांगितला. इंजिन दोन बोटं उचललं गेलं. इंजिन धरून ठेवणाऱ्या रबरी माउंटांपैकी पुढचा फाटला होता, मागचा बसला होता. कंपनीचा मॅनिफोल्ड हे सगळं वर्षानुवर्षं सहन करत होता. नव्या हेडरला मात्र इंजिनाची प्रत्येक उडी थेट वेल्डवर झेलावी लागत होती, कारण त्याच्यात आणि मागच्या पाइपमध्ये लवचीक जोडच नव्हता. शिवाय हे स्टेनलेस तापल्यावर ओतीव लोखंडापेक्षा बरंच जास्त फुगतं. फुगायला जागा नाही, खालून धक्के, वर पातळ भिंत. तो तडकणारच होता.

म्हणून दुसऱ्या वेळी क्रम उलटा केला. आधी चारही माउंट नवे, मग हेडर. पाइप आणि बेंड मी स्वतः गुलालवाडीतून घेतले, ३०४एल, १.६ मिलिमीटर जाडीचे. एल म्हणजे कमी कार्बन, वेल्डच्या आजूबाजूला गंजाचा धोका त्याने कमी होतो. फ्लॅन्ज दहा मिलिमीटरचा कापून घेतला. बनवलं कुर्ल्याला, सीएसटी रोडच्या आतल्या गल्लीतल्या एका कारागिरानं. सहा दिवस लागले. त्यानं पहिल्या हेडरचे पाइप मोजले तर चारांमध्ये पाच सेंटिमीटरपर्यंत फरक निघाला. नव्यात त्यानं तो फरक एका सेंटिमीटरच्या आत आणला. वेल्ड भरताना फ्लॅन्ज जाड लोखंडी पाटाला बोल्ट करून ठेवला, म्हणजे उष्णतेने वाकू नये. पाइपांची तोंडं टेपने बंद करून आत आरगॉन सोडला. कलेक्टरच्या (सगळे पाइप एकत्र येतात त्या जोडाच्या) पुढे जाळीदार फ्लेक्सिबल जोड टाकला. सामान साडेपाच हजार, मजुरी नऊ हजार. माउंटचे आठ हजार आठशे वेगळे. जानेवारीपासून हाच हेडर गाडीवर आहे.

उन्हाळ्यात त्रास झाला, तो लपवत नाही. कंपनीचं उष्णता-कवच नव्या हेडरवर बसत नाही आणि समोर हाताच्या अंतरावर रेडिएटर. मे महिन्यात सायन सर्कलला अडकलो की पंखा बंदच व्हायचा नाही आणि एसी थंडावा द्यायला कमी पडायचा. हेडरला गुंडाळायची उष्णतारोधक पट्टी अनेकांनी सुचवली. मी नाही म्हटलं आणि त्या निर्णयावर समाधानी आहे. आपल्याकडे चार महिने ती पट्टी ओली राहणार, वर माहीमची खारी हवा. आत धातू कुजत राहील आणि दिसणारही नाही. त्याऐवजी अॅल्युमिनियमच्या पत्र्याचं कवच बनवून, मध्ये बोटभर हवा सोडून बसवलं. रेडिएटर उघडून साफ केला, कूलंट बदललं. पंखा अजूनही पूर्वीपेक्षा जास्त फिरतो, पण तापमानाचा काटा मध्यावरून हलत नाही.

पेट्रोलचाही विषय आहे. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि ही गाडी त्यासाठी बनलेली नाही. इथेनॉल स्वतः ऑक्सिजन घेऊन येतं, म्हणून मिश्रण पातळ होतं. सावकाश चालवताना सेन्सर ते सांभाळून घेतो. पूर्ण अॅक्सिलरेटर दाबल्यावर मात्र संगणक सेन्सरकडे बघत नाही, ठरलेल्या तक्त्याप्रमाणे पेट्रोल देतो. हेडरमुळे आत हवा जास्त, वर हे पेट्रोल. म्हणून मी स्पार्क प्लग दर तीन हजार किलोमीटरना काढून बघतो. रंग अजून फिकट बदामी आहे. पांढरा पडू लागला तर इंधनाचा दाब तपासायला घेईन. रबरी नळ्यासुद्धा याच कारणाने बदलल्या.

पावसाळ्यात जमिनीपासूनची उंची हाच प्रश्न. फ्लेक्सिबल जोड पूर्वीच्या पाइपपेक्षा बोटभर खाली आला आहे. आमच्या गल्लीतला एक स्पीड ब्रेकर चौघं बसल्यावर तिरपाच घ्यावा लागतो. गणपतीला जाताना परशुराम घाटाच्या अलीकडे एका खड्ड्यात तो चांगलाच घासला. गुहागरला पोचल्यावर खाली वाकून पाहिलं, बाहेरच्या जाळीच्या चार तारा तुटल्या होत्या, आतला बेलो (घड्यांची नळी) शाबूत. परतल्यावर त्याखाली तीन मिलिमीटरची पट्टी लावून घेतली. त्याच प्रवासात आईने मागच्या सीटवरून तक्रार केली की पाचव्यात नव्वदच्या आसपास कानात घुमतं. खरं आहे. पंच्याऐंशीला नाही, शंभरला नाही, नव्वदलाच. आता आई गाडीत असली की मी ऐंशीने चालवतो. महामार्गावर मायलेज १४.८चं १५.२ झालं, शहरात पूर्वीइतकंच.

हेडर आज उघडून बघितला तर फ्लॅन्जजवळ सोनेरी-निळी झाक, खाली थंड भागावर चहाच्या डागासारखा तपकिरी रंग. तो वरवरचा आहे, घासला की निघतो. वेल्डवर एकही चीर नाही.

कायद्याबद्दल स्पष्ट लिहितो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२मध्ये कंपनीने ठरवलेल्या रचनेत फेरफाराला मनाई आहे, आणि पीयूसी निघालं म्हणून हा फेरफार मान्य होत नाही. माझ्या गाडीचं पीयूसी निघतं, तेही कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जागेवर आहे म्हणून. तो काढून सरळ पाइप टाकणाऱ्यांशी माझं मुळीच पटत नाही. त्यांच्या मागे उभं राहणाऱ्या रिक्षावाल्याच्या छातीत तो धूर जातो.

कुणी विचारलं तर मी आधी एवढंच सांगतो: इंजिन हलवून बघा. माउंट, रेडिएटर, टॅपिंग, क्लच यांतलं एकही थकलेलं असेल तर पैसे तिथे घाला. आमच्या गाडीत नुसते माउंट बदलल्यावरच ती निम्मी नवी वाटायला लागली होती, हेडर जागेवर बसायच्या आधीच.

कंपनीचा मॅनिफोल्ड तेल लावून, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवला आहे, कवच आणि नव्या गॅस्केटसकट. २०२७मध्ये नोंदणीचं नूतनीकरण आहे. त्याआधी तो पुन्हा बसवायचा आहे, अण्णांना तसं आत्ताच सांगून ठेवलंय.