गाडी चोरीचा क्लेम: पैसे मिळाले, पण सात महिने चोर मीच होतो

रेटिंग: ५ पैकी २.५ स्टार. अर्धा कशाचा ते खाली येईल. कंपनीचं नाव लिहित नाही, पैसे आलेत, उगाच नोटीस बिटीस नको.

गाडी २०२१ ची एर्टिगा, पहिल्या दिवसापासून माझ्याच नावावर, पॉलिसी कॉम्प्रिहेन्सिव्ह, आयडीव्ही (गाडी गेली तर विम्यात धरलेली तिची किंमत) ६,८५,०००. गेली २०२४ च्या गणपतीत. सोसायटीचा मांडव आमच्या पार्किंगमध्ये असतो, त्यामुळे ते दहा दिवस सिंहगड रोडच्या आतल्या गल्लीत आमच्या सगळ्यांच्या गाड्या रस्त्यावर. सकाळी साडेसहाला दूध आणायला खाली उतरलो तर एर्टिगाच्या जागी चौकोनी कोरडी फरशी, बाकी रस्ता पावसाने ओला. दोन मिनिटं मी गल्ली चुकलो असं समजून पुढच्या गल्लीत जाऊन आलो, खरं सांगतो.

पोलीस चौकीत पहिलं वाक्य, "टोइंगवाल्यांनी उचलली असेल, आधी तिकडे बघून या." बंदोबस्ताचे दिवस, त्यांनाही झोप नव्हती, राग नाही. बघून आलो, नव्हती. दुपारी पावणेपाचला एफआयआर झाला, चोरीचं कलम, नव्या कायद्यात बीएनएस ३०३(२), म्हणजे जुन्या आयपीसीचं ३७९. संध्याकाळी इन्शुरन्सच्या टोल फ्री नंबरवर फोन केला, क्लेम नंबर घेतला, आणि मेव्हणा म्हणाला म्हणून त्याच रात्री ईमेल पण टाकला. तो ईमेल पुढे देवासारखा धावून आला. दोन दिवसांनी संगम पुलाजवळच्या आरटीओत चोरीचं पत्र दिलं, म्हणजे गाडी परस्पर कुणाच्या नावावर चढायला नको. इथपर्यंत कॉल सेंटरची पोरं गोड बोलतात, "सर काळजी करू नका". हा तो अर्धा स्टार.

नवव्या दिवशी विमा कंपनीचा इन्व्हेस्टिगेटर आला. मला वाटलं होतं गाडी शोधायला माणूस लावलाय. भ्रम. गाडी शोधणं पोलिसांचं काम, हा माणूस तुम्हाला शोधायला येतो, म्हणजे तुम्ही गाडी विकून, जाळून किंवा मित्राच्या शेतात लपवून क्लेम टाकलाय का ते बघायला. आणि तसे क्लेम टाकणारे लोक असतात हेही मान्य, त्यामुळे चौकशी होणार यावर माझी तक्रार नाहीच. कशी होते यावर आहे.

साहेब पन्नाशीचे, बोलणं रिटायर्ड हवालदारासारखं, चहा दोनदा घेतला. आरसी, पॉलिसी, एफआयआर, शेवटच्या सर्व्हिसचं बिल, फास्टॅगचं स्टेटमेंट, लोनचं स्टेटमेंट सगळं मागितलं. फास्टॅगवर शेवटची एंट्री खेड शिवापूर, चार दिवस आधीची, साताऱ्याहून येतानाची. "साताऱ्याला कोण असतं?" सासरे. "त्यांच्याकडे शेड आहे का?" मी म्हणलं आहे, त्यात दोन म्हशी आहेत.

मग चाव्या. खरी परीक्षा इथे आहे म्हणून नीट सांगतो. दोन्ही ओरिजिनल चाव्या मागतात, एक जरी नसली तरी संशय, की दुसरी गाडीतच होती किंवा कुणाला दिली होती. माझी रोजची चावी म्हणजे जेजुरीचा पितळी भंडाऱ्याचा डबीवाला कीचेन, बटणाचं रबर फाटलेलं (धाकट्याने दात येताना चावलेलं), धार घासून गुळगुळीत. दुसरी गोदरेजच्या कपाटात, शोरूमच्या प्लास्टिकच्या पिशवीत, जशी आली तशी. साहेबांनी दोन्ही टीपॉयवर शेजारी ठेवल्या, मध्ये एक रुपयाचं नाणं ठेवलं, पाच सहा फोटो काढले, मग ती नवी चावी उन्हाकडे धरून म्हणाले, "ही तीन वर्षं जुनी वाटत नाही." अहो वापरलीच नाही तर जुनी कशी दिसेल! "म्हणजे ओरिजिनल हरवली आणि ही नंतर बनवली असं तर नाही ना?"

म्हणजे जपून ठेवली हा गुन्हा. त्यानंतर पंधरा दिवस शोरूमच्या चकरा, की या गाडीसाठी आमच्याकडून डुप्लिकेट चावी दिलेली नाही असं लेटरहेडवर लिहून द्या. पिशवीत चावीच्या नंबरचा छोटा पत्र्याचा बिल्ला निघाला तो बायकोला आठवला, मला नाही, तो नसता तर काय झालं असतं देव जाणे. चाव्या तपासायला म्हणून घेऊन गेले. पोच मागितली तर म्हणे "विश्वास नाही का?" मी म्हणलं तुम्हाला तरी कुठे आहे, द्या लिहून. दिली.

जबाबाचं पण सांगतो. त्यांनी स्वतःच्या अक्षरात इंग्रजीत दोन पानं लिहिली आणि सही करा म्हणाले. मी वाचत बसलो तर मध्येच एक ओळ, की गाडी लॉक केली होती का ते नक्की आठवत नाही. मी असं बोललोच नव्हतो, मी म्हणालो होतो की लॉक केली तेव्हा किती वाजले ते नक्की आठवत नाही. एवढ्या फरकात क्लेम जातो, कारण पॉलिसीच्या अटीत गाडीची वाजवी काळजी घ्यायची असं असतं आणि निष्काळजीपणा दाखवला की एकतर नाही तरी म्हणतात नाहीतर ७५ टक्क्यांवर तोडतात. मी सही केली नाही. स्वतः मराठीत दीड पान लिहिलं, खाली सही तारीख, फोटो काढून कंपनीला मेल. साहेबांचा चहा त्या दिवशी अर्धा राहिला.

सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. माझ्या माघारी त्यांनी वॉचमन काकांना विचारलं की माझ्यावर कर्ज आहे का, घरात भांडणं आहेत का, मी पितो का. काकांनी मला सांगितलं ते पण खाली बघून. आरतीला चार लोक आपल्याकडे बघून बोलणं थांबवतात ना, तसे पुढचे दोन महिने गेले. जाता जाता साहेब जिन्यात हेही म्हणाले की "रिपोर्ट काय, लवकर पण जातो, उशिरा पण जातो." मला कळलं नाही असं दाखवलं. उशिरा गेला.

नोव्हेंबरात त्याच कंपनीतून एका मुलीचा फोन, सर तुमच्या एर्टिगाची पॉलिसी संपतेय, रिन्यू करायची का, नो क्लेम बोनस मिळेल. मी तिला म्हणलं ताई गाडी सापडली तर आधी मला सांगा.

डिसेंबरात पत्र आलं की चोरी तीन दिवस उशिरा कळवली, खुलासा करा. त्यांनी एजंटने फॉर्म दिला ती तारीख धरलेली. मी पहिल्या रात्रीचा ईमेल जोडला, आणि सोबत सुप्रीम कोर्टाच्या २०२० च्या गुरशिंदर सिंग निकालाचा उल्लेख केला, त्यात स्पष्ट आहे की एफआयआर लगेच झालेला असेल, तर नुसतं कंपनीला उशिरा कळवलं म्हणून चोरीचा क्लेम नाकारता येत नाही. वकील लावला नव्हता, मेव्हण्याने शोधून दिलं. परत कधी तो मुद्दा आला नाही.

पोलिसांची 'अ' समरी, म्हणजे गुन्हा खरा पण तपास लागला नाही, ती जानेवारीत. ती शिवाजीनगर कोर्टाने मंजूर करून सर्टिफाइड कॉपी हातात येईपर्यंत फेब्रुवारी संपला. हा वेळ कंपनीच्या खात्यात धरत नाही. पण कॉपी दिल्यावर पुन्हा एक महिना "फाईल हेड ऑफिसला आहे". इकडे नसलेल्या गाडीचा ११,४०० चा हप्ता दर पाच तारखेला जातोच आहे, तो थांबवू नका हां, सिबिल खराब होतो. शेवटी विमा भरोसा, म्हणजे विमा नियामकाच्या तक्रार पोर्टलवर तक्रार टाकली. चौथ्या दिवशी फोन, आवाज एकदम मधाळ. तिथून नसतं झालं तर पुण्यातच विमा लोकपालाचं ऑफिस आहे, ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी घेतात, फी नाही, वकील नाही, अर्ज मी लिहून पण ठेवला होता.

मग गाडी कंपनीच्या नावे करायचे आणि कर्जाचा बोजा उतरवायचे आरटीओचे फॉर्म २८, २९, ३०, ३५, स्टॅम्प पेपरवर नोटरी, बँकेचं पत्र, सह्या करून हात दुखला. एप्रिलमध्ये ६,८४,००० मंजूर, हजार कम्पल्सरी डिडक्टिबलचे, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये आपण सोसायचे, ते कापून. त्यातले २,९६,००० थेट बँकेला, ३,८८,००० मला. उशिराचं व्याज विचारलं तर उत्तर नाही. रिटर्न टू इन्व्हॉइस (आयडीव्हीऐवजी गाडीच्या बिलाची किंमत देणारं जादा कव्हर) घेतलं नव्हतं ही चूक माझी, त्यावेळी दोन हजार वाचवले म्हणून खूश होतो.

तर २.५ स्टार. पैसे पूर्ण दिले त्याचे दोन, कॉल सेंटरचा अर्धा, इन्व्हेस्टिगेटरचा शून्य.

जूनमध्ये सेकंडहँड वॅगनआर घेतली, विमा दुसरीकडून. आणि आता दोन्ही चाव्या आलटून पालटून वापरतो, एक महिना ही, एक महिना ती. बायको हसते. हसू दे, दोन्ही सारख्या झिजल्या पाहिजेत.