'लुक्स' : रोझालिआचा नवा अल्बम गोव्यात ऐकताना

रोझालिआ या स्पॅनिश गायिकेचा 'लुक्स' हा चौथा स्टुडिओ अल्बम ७ नोव्हेंबर २०२५ रोजी प्रसिद्ध झाला आणि पुढचा जवळजवळ महिनाभर तो फोंड्यातील माझ्या घरी कोणत्या ना कोणत्या निमित्ताने वाजत राहिला. कधी मी तो सकाळच्या रियाजानंतर एकटीने ऐकला, कधी संध्याकाळी गाणे शिकायला येणाऱ्या मुलींबरोबर, आणि दोन रविवारी कुडतरीच्या एका वयोवृद्ध मेस्तांबरोबर. या मेस्तांनी चर्चच्या शाळेत कित्येक वर्षे मुलांना सोल्फा (पाश्चात्त्य पद्धतीचे स्वरवाचन) आणि व्हायोलिन शिकवले आहे. इतक्या वेगवेगळ्या कानांनी ऐकूनही ज्याच्याविषयी बोलणे संपले नाही, असे पॉप संगीत मला बऱ्याच काळात भेटले नव्हते.

रोझालिआ मूळची कॅटलोनियाची. तिने फ्लामेंको गायनाचे रीतसर शिक्षण बार्सिलोनाच्या संगीत महाविद्यालयात घेतले आणि २०१८ मध्ये आलेला तिचा दुसरा अल्बम हा तेथील पदवीचाच प्रकल्प होता. फ्लामेंको ही प्रामुख्याने दक्षिण स्पेनमधील अंदालुसियातल्या गितानो (रोमा) समाजाने जपलेली कला असल्यामुळे बाहेरच्या मुलीने ती उचलावी का, यावरून त्या वेळी तिच्यावर कडक टीका झाली. २०२२ च्या अल्बममध्ये ती रेगेतोन या लॅटिन अमेरिकी नृत्यसंगीताच्या ठेक्यांकडे वळली. 'लुक्स'मध्ये मात्र लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्रा आहे, आइसलंडचे दानिएल बियार्नासोन हे संचालक आहेत, मोन्सेरातच्या मठातील मुलांचा गायनवृंद आहे आणि सगळी रचना चार भागांत बांधलेली आहे. डझनभराहून अधिक भाषांमध्ये ती गायली आहे : स्पॅनिश आणि कॅटलान तर आहेतच, शिवाय लॅटिन, इटालियन, जर्मन, अरबी, युक्रेनी, जपानी, पोर्तुगीज वगैरे. लुक्स म्हणजे लॅटिनमध्ये प्रकाश. निरनिराळ्या देशांतील आणि धर्मांतील संत स्त्रियांची चरित्रे वाचून तिने ही गाणी रचली आहेत.

पहिल्या भागातले 'रेलिकिया' हे गाणे गोव्यातल्या माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. मी आपला एक एक अवयव एकेका शहरात हरवून आले, असे त्यात ती गाते. हात खेरेसमध्ये, डोळे रोममध्ये. आणि शेवटी उरलेल्या स्वतःला प्रियजनाच्या हाती पवित्र अवशेष म्हणून सोपवते. आपल्याकडे जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या बाझिलिकेत संत फ्रान्सिस झेवियरचे, म्हणजे गोवेकरांच्या 'गोयचो सायब'चे, शव आहे आणि त्याच्या उजव्या हाताचा भाग १६१४ पासून रोमच्या जेझू चर्चमध्ये आहे. नोव्हेंबर २०२४ पासून जानेवारी २०२५ पर्यंत झालेल्या शवप्रदर्शनाला माझ्या वर्गातल्या हिंदू मुलीही रांगेत उभ्या राहून आल्या होत्या. त्यामुळे एखाद्याचे शरीर अनेक गावांत वाटले जाते आणि तरी त्याची शक्ती तुटत नाही, ही कल्पना त्यांना परकी वाटली नाही. गाण्याचा अर्थ मी वाचून दाखवला तेव्हा एक मुलगी लगेच म्हणाली, "म्हणजे ही स्वतःलाच गोयचो सायब करते आहे." तिने ते अगदी गंभीरपणे म्हटले होते, आणि या गाण्यावरचे इतके नेमके भाष्य मला दुसरीकडे मिळाले नाही. सुरुवातीला व्हायोलिनांचे झुळझुळते आवर्तन आणि शेवटी त्याच सुरांचे यंत्राने केलेले तुकडे, ही बांधणीसुद्धा अर्थाला धरूनच आहे.

अनेक भाषांचा हा प्रयोग श्रोत्यांना सर्वांत अवघड जाईल, असे मला आधी वाटले होते. प्रत्यक्षात भाषेविषयी कोणीही तक्रार केली नाही. आमच्या घरी बोलणे कोकणीत होते, भजन मराठीत, ख्यालाची बंदिश ब्रजभाषेत आणि देवळातली मंत्रपुष्पांजली संस्कृतात. मेस्तांनी लहानपणी चर्चमधल्या ज्या मिसेला (प्रार्थनाविधीला) व्हायोलिन वाजवले ती लॅटिनमध्ये होती आणि घरी ते ज्या मांडो गीतांना साथ करत त्यांच्या कोकणीत पोर्तुगीज शब्द सर्रास मिसळलेले असत. शब्द पूर्ण न कळता, किंवा कळण्याच्या आधीच, सूर मनात रुजू देण्याची सवय या भूमीतल्या श्रोत्याला पिढ्यान्‌पिढ्या आहे. म्हणून हा अल्बम श्रोत्याकडून फार अपेक्षा करतो, ही जगभर ऐकू आलेली तक्रार मला आमच्या बैठकीत ऐकू आली नाही. वेगळी तक्रार मात्र आली, तिच्याकडे मी पुढे येतेच.

'बेर्गहाइन' हे गाणे अल्बमच्या आधी, ऑक्टोबरच्या शेवटी, आले. बेर्गहाइन हा बर्लिनमधला टेक्नो संगीतासाठी प्रसिद्ध असलेला क्लब. हणजूणच्या पार्ट्यांना जाणाऱ्या माझ्या भाच्याने नाव वाचून ठेक्याच्या अपेक्षेने हेडफोन लावला आणि त्याच्या कानावर पडला तो वादळासारखा सुटलेला तंतुवाद्यांचा समूह, जर्मनमधून गर्जणारा गायनवृंद आणि त्यावर ऑपेराच्या उंचीवर उभा राहिलेला रोझालिआचा आवाज. मग आइसलंडची गायिका ब्यर्क येते, आणि अखेरीला अमेरिकी गायक ईव्ह्ज ट्युमर एकच हिंसक वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत राहतो. तीन मिनिटांच्या आसपासचे हे गाणे संपले तेव्हा भाचा काही बोलला नाही, त्याने ते परत लावले. माझे मत विचाराल तर हे गाणे थक्क करते, पण मनात घर करत नाही. त्यातला प्रत्येक धक्का उत्तम आहे, तरी एका धक्क्याचा अर्थ पूर्ण उतरण्याआधी दुसरा येतो.

याउलट 'मियो क्रिस्तो प्यांजे दियामांती' हे इटालियनमधले गाणे. असिसीच्या संत फ्रान्सिस आणि संत क्लारा यांच्या स्नेहातून ते सुचलेले आहे, आणि येथे गायिका घाई करत नाही. फ्लामेंकोमध्ये तयार झालेला आवाज ऑपेराच्या वाटेने जाताना काय होते, ते येथे नीट ऐकू येते. फ्लामेंकोत स्वर कंठात किंचित खरवडून, श्रुतींच्या मधून सरकत जातो. पाश्चात्त्य अभिजात गायनात तोच स्वर गोल, मोकळा आणि स्थिर ठेवावा लागतो. रोझालिआ या दोहोंपैकी एक निवडत नाही. लांब स्वर ती स्थिर धरते आणि तो सोडताना शेवटच्या क्षणी त्याला फ्लामेंकोची थरथर देते. गाणे शिकवणारीला असली जागा ऐकली की राहवत नाही. मी ते शेवटचे मिनिट सहा-सात वेळा लावले आणि मुलींना फक्त श्वास कोठे घेतला आहे तेवढेच ऐकायला सांगितले. आपल्याकडे दमसास म्हणतात तो तिच्याकडे भरपूर आहे, पण त्याचे प्रदर्शन ती करत नाही, हे मला विशेष आवडले.

'ला पेर्ला' हे वॉल्ट्झच्या चालीतले, फसव्या प्रियकराला खडे बोल सुनावणारे गाणे मुलींमध्ये सर्वाधिक लोकप्रिय ठरले. एकीने त्यावर दादऱ्याचा ठेका धरला आणि मेस्तांनी लग्नातल्या बँडच्या आठवणीने बोटांवर तीनची मोजणी धरली, दोघांचेही जमले.

आता संत स्त्रियांविषयी. तिसऱ्या भागात 'दिओस एस उन स्टॉकर' असे नाव असलेले गाणे आहे. देव आपला पाठलाग करतो, आपल्या मागे मागे फिरतो, असा त्याचा आशय, आणि बोलतो आहे तो देवच. शीर्षकातला शब्द आजच्या काळात भीतीचा आहे, त्यामुळे युरोपातल्या ऐकणाऱ्याला त्यात धाडस वाटणे साहजिक आहे. पण ज्यांनी जनाबाईबरोबर दळण दळणारा आणि तिच्यामागे रानात गोवऱ्या वेचायला जाणारा विठोबा लहानपणापासून ऐकला आहे, त्यांना भक्ताच्या मागे लागलेला देव ही ओळखीचीच गोष्ट आहे. फरक असा की जनाबाईचा विठोबा कष्ट वाटून घेतो. रोझालिआचा देव नुसता पाहत आणि हवासा होत राहतो. लगेच पुढचे 'ला युगुलार' हे गाणे मला त्याहून खोल वाटले. देव माणसाला त्याच्या गळ्यातील रक्तवाहिनीहूनही जवळ आहे, या कुराणातील वचनावर ते आधारलेले आहे. त्यात अरबी आहे आणि बसऱ्याच्या राबिया या सूफी स्त्रीची छाया आहे. सगळे विश्व एका छोट्या वस्तूत आणि ती वस्तू पुन्हा विश्वात सामावत जाते, अशी त्यातली शब्दांची वाढ आहे आणि आवाज तिच्याबरोबर पायरीपायरीने मोठा होत जातो.

आमच्या बैठकीत आलेली तक्रार येथेच सांगितली पाहिजे. माझ्या एका विद्यार्थिनीचे आजोबा कीर्तनकार आहेत. त्यांनी दोन संध्याकाळी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "ताई, पूर्वरंग चांगला झाला, पण आख्यान कोठे आहे?" मला हा आक्षेप पूर्णपणे मान्य आहे. 'पोर्सेलाना'मागे स्वतःचा सुंदर चेहरा भाजून घेणारी र्योनेन ही जपानी झेन भिक्षुणी आहे, 'दे माद्रुगा'मागे पतीच्या हत्येचा सूड घेऊन पुढे संतपदाला पोचलेली कीव्हची ओल्गा आहे. पण या कथा गाण्यांत उलगडत नाहीत. त्या बाहेरून वाचून घ्याव्या लागतात. जपानी किंवा युक्रेनी शब्द येतात तेही इतके थोडे आणि इतक्या वेगाने जातात की त्या स्त्रीच्या भाषेत तिच्याशी बोलणे व्हावे, त्याऐवजी तिच्या नावाची चिठ्ठी चिकटवल्यासारखे वाटते. एवढी तयारी असलेल्या गायिकेने चार-पाच स्त्रिया निवडून त्यांच्यापाशी थांबायला हवे होते. पूर्वी गितानोंच्या कलेवरून जो प्रश्न तिला विचारला गेला, तो या गाण्यांपुरता पुन्हा विचारणे मला योग्य वाटते.

हे संगीत पॉप की अभिजात, यावर सगळीकडे बरीच चर्चा झाली. अमेरिकेतील अल्बमांच्या बिलबोर्ड २०० या लोकप्रियतेच्या यादीत 'लुक्स' चौथ्या क्रमांकावर आला आणि तेथील अभिजात संगीताच्या यादीतही पहिला आला, म्हणून ही चर्चा अधिकच पेटली. मंगेशीत जन्मलेल्या दीनानाथ मंगेशकरांची नाट्यपदे ज्या प्रांतात आजही देवळाच्या मांडवात गायली जातात, तेथे हा वाद लांबवण्यात मला अर्थ दिसत नाही. ख्यालाच्या बंदिशीवर नाटकाचे पद बांधले, ते तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाने वन्समोअर देऊन ऐकले, आणि त्यातला राग शुद्धच राहिला. 'लुक्स'मधला ऑर्केस्ट्रा दागिना म्हणून बाहेरून घातलेला नाही. अनेक गाण्यांत ठेका पूर्ण काढून टाकला आहे आणि लय सांभाळण्याचे काम तंतुवाद्यांवर सोपवले आहे. मेस्तांनी नेमके हेच हेरले. व्हायोलिन येथे भांडी घासायला ठेवलेले नाही, ते घरातले माणूस आहे, असे ते कोकणीत म्हणाले. त्यांची नाराजी एवढीच की काही ठिकाणी ध्वनिमिश्रणात खालचे सूर इतके फुगवले आहेत की मधली व्हायोला ऐकूच येत नाही. चांगल्या स्पीकरवर ऐकूनही मला तसेच वाटले. फोनवर ऐकणाऱ्यांनी निदान साधा हेडफोन तरी वापरावा, नाहीतर निम्मा अल्बम हातातून जाईल.

शेवटून दुसरे गाणे 'मेमोरिया'. हे पूर्ण पोर्तुगीजमध्ये आहे आणि फादो या पोर्तुगालच्या हळव्या गीतप्रकारातली लिस्बनची गायिका कार्मिन्यु सोबतीला आहे. स्मृतीलाच उद्देशून गायलेले हे गाणे ऐकवायला मी मुद्दाम पणजीला, फोंतेन्यासमध्ये राहणाऱ्या एका ओळखीच्या आजींकडे गेले. १९६१ पूर्वी त्यांनी पोर्तुगीज शाळेत सेगुंदु ग्रावपर्यंत (प्राथमिक शिक्षणाच्या दुसऱ्या टप्प्यापर्यंत) शिक्षण घेतले आहे. फादो आपल्या गोव्यात परका नाही. फोंड्याच्याच सोनिया शिरसाट यांनी तो आमच्या पिढीला पुन्हा ऐकवला आहे. आजींनी डोळे मिटून गाणे ऐकले, मधेच एका ओळीचे शब्द ओठांतल्या ओठांत म्हटले आणि संपल्यावर म्हणाल्या की उच्चार पाहुणीचे आहेत, पण रडणे घरचे आहे. मग त्यांनी शाळेतल्या बाईंचे नाव आठवायचा प्रयत्न केला. ते आठवेना, तेव्हा गाणे पुन्हा लावायला सांगितले. माझ्या दृष्टीने अल्बममधले हे सर्वांत खरे गाणे. येथे भाषा तुकड्यातुकड्याने येत नाही. गायिका त्या भाषेत शिरून, दुसऱ्या गायिकेशेजारी बसून, तिच्याकडून शिकत गाते. त्यानंतरच्या 'माग्नोलियास'मध्ये ती स्वतःचीच अंत्ययात्रा पाहते. ते सुंदर आहे, पण 'मेमोरिया'च्या लगेच मागून आल्यामुळे आमच्यापैकी कोणालाही त्याच्यापाशी फार थांबता आले नाही.

आणखी एक गोष्ट ग्राहकांनी लक्षात ठेवावी. प्रसिद्ध झाला तेव्हा स्ट्रीमिंगवर या अल्बमची १५ गाणी होती; तबकडीवर आणि सीडीवर १८. उरलेल्या तिघांत सिसिलियन भाषेतले 'फोकु रान्नी' आहे, ज्याच्यामागे गायिकेच्या नावाचीच संत, पालेर्मोची रोझालिआ, उभी आहे. शिवाय जोन ऑफ आर्कवरचे फ्रेंच 'जान' आणि 'नोव्या रोबोत'. ज्या अल्बमचा सगळा डोलारा चार भागांच्या मांडणीवर उभा आहे, त्यातली तीन गाणी बहुसंख्य श्रोत्यांपासून दूर ठेवणे मला अजिबात पटलेले नाही. तिसरा भाग स्ट्रीमिंगवर अर्धवट वाटला तो त्यामुळेच. मेस्तांची पुतणी नाताळला लिस्बनहून येणार आहे आणि तिला तबकडी आणायला सांगितले आहे. त्यांच्याकडचा जुना रेकॉर्ड प्लेअर चालू आहे, सुई तेवढी बदलायची आहे. कीर्तनकार आजोबांनाही त्या दिवशी कुडतरीला घेऊन जायचे ठरले आहे.