ट्रेकिंग पोलच्या रबरी टोप्या: घेताना आत बघा

ऑनलाइन मिळणाऱ्या बिनब्रँडच्या टोप्यांत दोन प्रकार सर्रास दिसतात. एकीच्या तळाशी आत लोखंडी चकती असते, दुसरीत नुसतं रबर. दुसरी घेऊच नका. पोलचं कार्बाइडचं, म्हणजे अतिशय कठीण आणि अणकुचीदार, टोक रबर आतून कुरतडत जातं आणि तळाला भोक पडतं. बाहेरून टोपी नवीच दिसते, हीच खरी गोम.

माप टोपी बसते त्या प्लॅस्टिकच्या भागाचं घ्यायचं, दांड्याचं नाही. व्हर्नियर कॅलिपरने (व्यास मोजायच्या पट्टीने) मोजा आणि टोपीचा आतला व्यास त्याहून किंचित कमी घ्या. सैल टोपी पावसाळ्यात पहिल्याच चिखलात रुतून राहते.

बसवताना प्लॅस्टिक पुसून घ्या, टोपी गरम पाण्यात मिनिटभर ठेवा आणि पिळत पिळत टोक चकतीला टेकेपर्यंत दाबा. तेल लावू नका, टोपी निसटते. गोंदही नको, नंतर काढायची असतेच. सह्याद्रीतल्या कोरड्या कातळावर आणि डांबरी रस्त्यावर रबर उत्तम. घसाऱ्यावर (सुट्या माती-खड्यांच्या निसरड्या उतारावर) आणि ओल्या मातीत मात्र टोपी काढून कार्बाइडच वापरा.

चकतीवाली जोडी थोडी महाग पडते, पण घ्यावी तीच.