रेडियमचे शर्ट : सॅम्पल खरं, गठ्ठा खोटा

सॅम्पल अगदी खरं होतं, हे आधीच सांगतो. रात्री गाडीच्या दिव्यात चमकणाऱ्या पट्ट्यांचे शर्ट विकायच्या धंद्यातला लबाड माणूस सॅम्पलमध्ये कधीच काटकसर करत नाही. कुरिअरनं आलेला पोपटी शर्ट, पोटावर आणि छातीवर सगळीकडून फिरणाऱ्या दोन आडव्या पट्ट्या, खांद्यावरून पुढं-मागं उतरणाऱ्या दोन उभ्या, पूर्ण बाह्यांवर दोन-दोन. सगळ्या पट्ट्या दोन इंची, शिलाई दुहेरी. रात्री अंगणात दोरीवर टांगून मोटरसायकलचा दिवा मारला तर ट्यूबलाईटसारखा पेटला. दर ३४० रुपये. आम्ही साठ नगांची ऑर्डर दिली, निम्मे पैसे आगाऊ.

आमचं काम महामार्गावरचं. शेंद्र्यापासून खाली कागलपर्यंत सहापदरीकरण चाललंय. त्यात डायव्हर्जनचे बोर्ड लावणं, कोन मांडणं-उचलणं, दुभाजकातलं गवत काढणं, बॅरिकेड रंगवणं अशी किरकोळ कामं आमच्यासारख्या पोटठेकेदारांकडं येतात. बरीचशी रात्रीची. उंब्रज-कराड पट्ट्यात रात्री ट्रक आणि खासगी बस काय वेगानं जातात, ते कडेला उभं राहिल्याशिवाय कळायचं नाही.

पुरवठादार फोनवरच भेटला, पुण्याकडचा. गोड बोलणारा, प्रत्येक वाक्याला 'साहेब'. माल तयार झाल्यावर म्हणाला, "उरलेले पैसे टाका, लगेच बिल्टी पाठवतो." बिल्टी म्हणजे ट्रान्सपोर्टची मालपावती. इथं पहिली गाठ मारली जाते. बिल्टी हातात नसेल तर ट्रान्सपोर्टवाला गठ्ठा देत नाही, आणि पूर्ण पैसे दिल्याशिवाय बिल्टी येत नाही. म्हणजे बारदान उसवून माल बघायच्या आधीच तुमचा खिसा रिकामा. कराडच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात गठ्ठा उसवला तेव्हा भर दुपार होती. रंग डोळ्यांत भरणारा, पट्ट्या चकचकीत चंदेरी. पोरं खूश. दोघातिघांनी तिथंच घालून फोटोही काढले.

रात्री काम सुरू झाल्यावर आमचा पिकअपवाला कोन घेऊन पलीकडून वळून आला आणि खाली उतरून मुकादमाला म्हणाला, "आबा, कोन दिसत्यात, पोरं दिसंनात."

मी त्याच्या शेजारी बसलो. गाडी मागं नेऊन पुन्हा आणली, दिवे खालचे. कोनांचे पांढरे गळपट्टे लांबूनच चमकत होते. त्यांच्यामध्ये वाकलेली माणसं म्हणजे नुसत्या सावल्या. तेवढ्यात एकजण आमच्याकडं तोंड करून उभा राहिला आणि त्याच्या छातीवरची पट्टी लख्ख पेटली. तो पुन्हा वाकला, पाठ आमच्याकडं झाली, आणि विझला. काम तिथंच थांबवलं.

सकाळी टेबलावर शर्ट पसरून पट्ट्या उसवल्या. पुढच्या बाजूला छातीवरची एक पट्टी खरी. पोटावरची, पाठीवरची, खांद्यावरची, बाह्यांवरची सगळी नुसती चंदेरी छापाची रिबीन. दुकानात शर्ट बघणारा माणूस तो समोरूनच धरतो आणि टॉर्च छातीवरच मारतो, हा हिशेब शिवणाऱ्यानं बरोबर केला होता. गंमत अशी की दिवसा खोटी पट्टीच जास्त देखणी दिसते. खरी कापडी पट्टी राखाडी, जराशी मळकट वाटते. तिच्यावर काचेचे बारीक मणी बसवलेले असतात, आणि आलेला उजेड ते जिथून आला तिकडंच परत पाठवतात. खोटी चकाकते, पण उजेड सगळीकडं उधळते. प्लास्टिकची, चौकडी दिसणारी प्रिझमची पट्टी वेगळी. ती चकचकीत असूनही चांगली असू शकते. तेव्हा चकाकीवरून काही ठरवू नका.

उजेड आला तिकडंच परत जातो, हे लक्षात ठेवलं तर तपासणी सोपी आहे. टॉर्च कंबरेशी धरून बघाल तर खरी पट्टीही फिकी वाटेल. ती कानशिलाशी, डोळ्याच्या अगदी बाजूला धरायची. विक्रेता टॉर्च मारतोय आणि तुम्ही चार पावलं बाजूला उभे, ही तपासणी नव्हेच. हातभर अंतरावरून तर पांढरं धोतरसुद्धा चमकतं. शर्ट तीस-चाळीस पावलं लांब टांगा आणि अंधारात मोबाईलनं फ्लॅश टाकून फोटो काढा. मोबाईलमध्ये फ्लॅश आणि कॅमेरा शेजारी-शेजारी असतात, त्यामुळं खरी पट्टी फोटोत पांढरीफेक येते आणि खोटी कापडात मिसळून जाते. पुढून, मागून, दोन्ही बाह्यांचा. गठ्ठ्यातला वरचा नग नको, मधला आणि तळाचा घ्या.

रंगाबद्दलही बराच गैरसमज आहे. पोपटी किंवा केशरी फ्लुरोसंट कापड दिवसा आणि विशेषतः संध्याकाळी उठून दिसतं, कारण उन्हातले न दिसणारे अतिनील किरण घेऊन ते दिसणारा उजेड बाहेर टाकतं. गाडीच्या दिव्यात ते किरण जवळजवळ नसतात. रात्री माणूस दाखवते ती पट्टी. कितीही भडक रंग रात्री तिची जागा घेत नाही.

आता लेबल. कॉलरच्या आत शिवलेल्या लेबलवर 'आयएसओ २०४७१, क्लास ३' असं होतं आणि खाली आयएसआयचं चिन्ह. त्या आंतरराष्ट्रीय मानकात पट्टीची रुंदी किमान ५० मिलिमीटर लागते, आणि चमकणाऱ्या पट्टीचं एकूण क्षेत्रफळ क्लास २ ला किमान ०.१३ चौरस मीटर, क्लास ३ ला ०.२० चौरस मीटर. आकडे किचकट वाटले तरी टेलरची टेप पुरे. दोन इंची पट्टी धरली तर क्लास २ ला अंदाजे २ मीटर ६० सेंटिमीटर आणि क्लास ३ ला ४ मीटर पट्टी एका कपड्यावर हवी. आमच्या शर्टावरची पट्टी दीड इंची निघाली, आणि खरी-खोटी सगळी मिळून लांबी तीन मीटरही भरेना. खरी तेवढीच मोजली तर अर्धा मीटर. बिनबाह्यांच्या जाकिटावर कुणी 'क्लास ३' छापलं असेल तर मोजायचेही कष्ट घेऊ नका. त्या वर्गाला धड झाकून शिवाय पट्ट्यांसह बाह्या किंवा पूर्ण पायांची पँट लागते.

आपल्याकडचं भारतीय मानक आयएस १५८०९. आयएसआय चिन्हाबरोबर सीएम/एल नं सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो भारतीय मानक ब्युरोच्या (बीआयएस) 'बीआयएस केअर' अ‍ॅपमध्ये टाकला की परवाना कुणाचा आणि कुठल्या वस्तूचा ते दिसतं. आमच्या लेबलवरचा क्रमांक टाकला तर परवाना निघाला प्रेशर कुकर बनवणाऱ्याचा! कुठल्या तरी कुकरवरचा आकडा उतरवून काढला असणार.

पुरवठादारानं व्हॉट्सअ‍ॅपवर टेस्ट रिपोर्टही पाठवला होता. चार पानी, शिक्क्यासकट. तो नीट वाचला तेव्हा दिसलं की चाचणी नुसत्या पट्टीच्या रोलची होती आणि नमुना देणारी कंपनी तिसरीच. कुठल्या तरी चांगल्या कंपनीच्या पट्टीचा रिपोर्ट या शर्टाला जोडला होता. रिपोर्ट घेताना तो पट्टीचा आहे, कापडाचा आहे की शिवलेल्या कपड्याचा, आणि वर नाव कुणाचं, एवढं बघाच. पट्टी किती धुण्यांपर्यंत तपासली तेही त्यात असतं. चिकटवलेली हलकी पट्टी थोड्याच धुण्यांत कडेनं सुटते, आणि ब्लीच घातलं तर शिवलेलीही लवकर मरते.

फोन केला. पहिल्या दिवशी, "साहेब, कारागिराची चूक, बदलून देतो." मग, "शर्ट वापरलेत ना, आता रिटर्न कसं घेणार?" मग, "बिलात काय लिहिलंय बघा." बिल बघितलं : 'रेडीमेड शर्ट, पोपटी, ६० नग'. मानक नाही, पट्टी नाही, क्लास नाही. पोपटी शर्ट त्यानं दिलेच होते की! नंतर फोन लागायचा बंद झाला.

तक्रारीचं सांगायचं तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन घरच्या खरेदीला चांगली. पण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कारणासाठी माल घेणारा ग्राहक धरला जात नाही. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेल्या मालाला सवलत आहे. साठ माणसांचे शर्ट घेणाऱ्याला तो रस्ता अवघडच. खोट्या आयएसआय चिन्हाची तक्रार मात्र बीआयएस केअर अ‍ॅपवरूनच करता येते, फोटो जोडून. ती आम्ही केली. पोलिसांकडंही लेखी अर्ज दिलाय. पैसे अजून आलेले नाहीत.

कुणी म्हणेल, वीस हजारांसाठी एवढं कशाला. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या हिशेबात चालकाला धोका दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत अडीच सेकंद धरतात. ताशी ८० किलोमीटरला तेवढ्यात गाडी ५५ मीटर पुढं गेलेली असते, आणि पूर्ण थांबायला १२० मीटर लागतात. पाठीवर रिबीन लावलेला आमचा पोरगा पिकअपवाल्याला किती लांबून दिसला, ते मी शेजारी बसून बघितलंय. हा कपड्यातला भुरटेपणा नाही.

जाकीट की शर्ट, हेही बरेचजण विचारतात. माझं मत शर्टाच्या बाजूनं. जाकिटं पोरं बटण न लावता घालतात, उकाड्यात काढून बॅरिकेडवर टांगतात. शर्ट अंगावर राहतो, आणि बाह्यांवरच्या पट्ट्या हलल्या की लांबून बघणाऱ्याला ते पिंप नाही, माणूस आहे, हे पटकन उमगतं. एक अडचण थंडीची. डिसेंबरात खंबाटकीच्या बाजूला रात्री काम असलं की जो तो वरून स्वेटर चढवतो आणि पट्टी आत जाते. म्हणून शर्ट दोन माप मोठा घ्यावा, स्वेटरवरून बसेल असा. पावसात भिजलेली मण्यांची पट्टी मंद होते, तेव्हा पावसाळी कामाला रेनकोटवर वेगळी पट्टी लागतेच. आणि रस्त्यावर थर्मोप्लास्टिकचे पांढरे पट्टे मारणाऱ्यांना पॉलिस्टर देऊ नका. तो रंग १८० ते २०० अंशांवर ओततात, उडालेल्या थेंबानं पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं.

नवे शर्ट आम्ही कराडात शिवून घेतले. पट्टीचा रोल नावाजलेल्या कंपनीचा, बिलासकट, आणि टेलरला मापं लिहून दिली. नग ५१० ला पडला. यापुढं बाहेरून घ्यायचे झाले तर ऑर्डरीत आणि बिलात मी असं लिहून घेणार : 'आयएस १५८०९ प्रमाणे, परवाना क्रमांक अमुक, पुढं-मागं व बाह्यांवर ५० मिलिमीटर परावर्तक पट्टी, मंजूर सॅम्पलप्रमाणे, माल उघडून रात्री तपासल्यावर उरलेले पैसे.' शेवटच्या वाक्यालाच बरेच पुरवठादार फोन ठेवतात. मंजूर सॅम्पलवर त्याची आणि आपली सही घेऊन ते कपाटात ठेवायचं, पोरांना वापरायला द्यायचं नाही.

तासगावकडं ओळखीचे एक ठेकेदार आहेत, त्यांना परवा असाच फोन आला. नंबर वेगळा, 'साहेब' तेच, दर ३३०. सॅम्पल आलंय म्हणे, दोन्ही बाजूंनी चमकतं. मी त्यांना बिल्टी आधी मागायला सांगितलंय.